प्रकाशापुढे जाण्याची किंमत

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुटीत आमच्या महाविद्यालयातील काही विद्यार्थ्यांनी एक सामूहिक कथाखेळ सुरू केला. ते त्याला रोल-प्ले म्हणत. चार गट म्हणजे चार देश, आणि एक जाड वही. विषय अंतराळस्पर्धा. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी स्पुटनिक आकाशात गेला तिथपासून २० जुलै १९६९ रोजी माणूस चंद्रावर उतरला तिथपर्यंतचा इतिहास जसाच्या तसा ठेवायचा आणि त्यापुढचा प्रत्येक गटाने आळीपाळीने लिहायचा, असा संकेत ठरला होता. चौथ्या फेरीत एका गटाने लिहिले की आमच्या शास्त्रज्ञांना प्रकाशाहून वेगाने जाणारे इंजिन सापडले आहे. यापुढे आम्ही कोणत्याही ताऱ्यापाशी क्षणार्धात पोचू. पाचवी फेरी झालीच नाही. उरलेल्या तीन गटांना लिहिण्याजोगे काही राहिलेच नव्हते. भांडण माझ्याकडे आले ते एका प्रश्नाच्या रूपात : "सर, असं इंजिन शास्त्रीयदृष्ट्या शक्य आहे का?"

मी मराठीचा अध्यापक. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या सहकाऱ्यांना विचारले, तर त्यांनी "नाही" एवढेच सांगितले आणि ते चहाला निघून गेले. पण त्या नकाराने भांडण मिटेना. कारण याच नकाराच्या छाताडावर पाय देऊन विसाव्या शतकात शेकडो कादंबऱ्या उभ्या राहिल्या आहेत, आणि त्यांतल्या काही खरोखर चांगल्या आहेत. त्या लेखकांनी हे कसे निभावले, हे पाहण्यासाठी मी वाचू लागलो. वाचता वाचता असे दिसले की मुलांनी विचारलेला प्रश्नच थोडा चुकला होता.

आधी अडचण किती मोठी आहे ते पाहू. प्रकाश एका सेकंदात सुमारे २,९९,७९२ किलोमीटर जातो. एका वर्षात तो जे अंतर कापतो ते जवळजवळ ९.४६ लाख कोटी किलोमीटर भरते. सूर्य सोडल्यास आपल्याला सर्वांत जवळचा तारा ४.२४ प्रकाशवर्षे दूर आहे. १९७७ साली सोडलेले 'व्हॉयेजर १' हे यान सेकंदाला साधारण १७ किलोमीटर या वेगाने सूर्यमालेबाहेर चालले आहे. त्या वेगाने एवढे अंतर कापायला सत्तर हजारांहून अधिक वर्षे लागतील. म्हणजे अंतराळस्पर्धेची गोष्ट ताऱ्यांपर्यंत न्यायची झाली तर लेखकापुढे दोनच वाटा उरतात. एक तर पात्रांच्या कित्येक पिढ्या यानातच जन्मू आणि मरू द्यायच्या, नाही तर आइन्स्टाइनला कुठेतरी वळसा घालायचा. बहुतेकांनी दुसरी वाट धरली.

पहिल्या पिढीतल्या लेखकांनी ती फार बिनधास्तपणे धरली. ई. ई. स्मिथ यांची 'द स्कायलार्क ऑफ स्पेस' ही कादंबरी १९२८ साली 'अमेझिंग स्टोरीज' मासिकात आली. तिच्यात यान प्रकाशवेग ओलांडून जाते, आणि पात्रे त्याची वासलात जवळजवळ एका वाक्यात लावतात. आइन्स्टाइनचा तो सिद्धांत, आमचे अंतर मात्र प्रत्यक्ष मोजलेले, असा एकंदर सूर. (ही कादंबरीही दोघांच्या हातची. शेजारच्या ली हॉकिन्स गार्बी यांनी तिच्यातले शृंगाराचे आणि घरगुती भाग सांभाळले, कारण स्मिथना ते जमत नव्हते. श्रमविभागणीचा हा नमुना मराठी लेखकांनीही विचारात घ्यायला हरकत नाही.) पुढे १९३१ मध्ये जॉन कॅम्बेल यांनी 'आयलंड्स ऑफ स्पेस'मध्ये हायपरस्पेसचा मार्ग वापरला. आपल्या अवकाशातून न जाता दुसऱ्याच एका अवकाशातून जायचे, म्हणजे प्रकाशाचा नियम मोडल्याचा ठपका येत नाही. युक्ती नामी होती. ती आजतागायत चालते. पण या दोन्ही ठिकाणी प्रवासाला काही मोल पडत नाही. यानाला वाटेल तिथे जाता येते, आणि म्हणून कथेला पुढे नेण्यासाठी दर प्रकरणाला आणखी मोठे यान, आणखी मोठा शत्रू आणि आणखी मोठा स्फोट आणावा लागतो. आमच्या चौथ्या फेरीतल्या गटाने नकळत १९२८ सालचीच कादंबरी लिहिली होती.

विंदा करंदीकरांनी मराठीत आणलेले ॲरिस्टॉटलचे 'काव्यशास्त्र' आपण सगळेच शिकवतो. त्यात अशक्य पण संभवनीय वाटणाऱ्या घटनेला शक्य पण पटत नाही अशा घटनेपेक्षा वरचे स्थान दिले आहे. परीक्षेत यावर टीप विचारली जाते आणि विद्यार्थी भूत, चेटकीण, आकाशवाणी अशी उदाहरणे लिहून मोकळे होतात. संभवनीयता घडते कशाने, हा प्रश्न मात्र बाजूलाच राहतो. प्रकाशवेगाच्या कथांच्या इतिहासात त्याचे एक उत्तर मिळते, आणि ते मला फार स्पष्टपणे १९७४ या एका वर्षात दिसले.

डिसेंबर १९७२ मध्ये 'अपोलो १७' परतले आणि त्यानंतर चंद्रावर जाणे थांबले. स्पर्धा संपली होती. १९७३ च्या शेवटी तेलाचे भाव भडकले आणि कोणताही प्रवास फुकट नसतो हे अमेरिकेतल्या सामान्य माणसालाही पेट्रोलपंपावरच्या रांगेत कळले. त्यामुळेच १९७४ च्या कादंबऱ्या तशा झाल्या, असा दावा मी करणार नाही. त्यांतल्या काहींचे लेखन आधीपासून चालू होते. पण त्या वर्षी आलेली पुस्तके शेजारी शेजारी ठेवली की त्यांच्यात एक समान गोष्ट जाणवते. प्रत्येक लेखक प्रकाशाच्या मर्यादेसमोर उभा आहे, आणि ती ओलांडायची तर बदल्यात काय द्यावे लागेल याचा हिशेब करतो आहे.

'द मोट इन गॉड्ज आय' ही लॅरी निव्हन आणि जेरी पूर्नेल यांची कादंबरी मुलांच्या कामाला सर्वांत जवळची, कारण तीही सहलेखनातून आली. पूर्नेलना दूरदूरच्या ताऱ्यांवर पसरलेले साम्राज्य हवे होते, त्याचे आरमार हवे होते आणि युद्धे हवी होती. पण यान कुठेही, केव्हाही प्रकट होऊ शकत असेल तर वेढा घालता येत नाही, नाकेबंदी करता येत नाही, सीमा राखता येत नाही. म्हणजे साम्राज्यही टिकत नाही. तेव्हा इंजिनाची आखणी करण्यासाठी त्यांनी जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत काम करणाऱ्या डॅन ॲल्डरसन यांना गाठले. 'ॲल्डरसन ड्राइव्ह' हे नाव तिथून आले. त्याचे नियम थोडक्यात असे : प्रत्येक ताऱ्याभोवती काही ठरावीक बिंदू असतात, उडी फक्त त्या बिंदूंवरूनच घेता येते आणि ती दुसऱ्या ताऱ्याच्या तशाच बिंदूवर संपते. उडीला वेळ लागत नाही. पण त्या बिंदूपर्यंत साध्या इंजिनाने, दिवसच्या दिवस घालवून जावे लागते. आणि उडीनंतर काही काळ माणसे आणि यंत्रे दोन्ही गोंधळलेली, असहाय असतात. या शेवटच्या कलमामुळे पलीकडे टपून बसलेल्या शत्रूला संधी मिळते. घाटातून उतरणारे सैन्य आठवले की ही रचना लगेच समजते. खिंड आहे म्हणून पहारा आहे, आणि पहारा आहे म्हणून राज्य आहे.

इतके झाले तरी ती नुसती आखीवरेखीव लढाईची गोष्ट झाली असती. कादंबरीची खरी ताकद पुढे आहे. मोट नावाच्या ताऱ्याभोवती एक अतिशय बुद्धिमान जमात राहते. तिला हे इंजिन सापडलेले आहे. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. पण तिच्याकडून बाहेर नेणारा बिंदू एका महाकाय तांबड्या ताऱ्याच्या पोटात उघडतो. ती ताप झेलणारे कवच माणसांकडे आहे, त्या जमातीकडे नाही. म्हणून तिने सोडलेले प्रत्येक यान उडी घेते आणि परत येत नाही. का येत नाही, हे मागे राहिलेल्यांना कधी कळत नाही. या जमातीच्या शरीराची रचना अशी की प्रजनन केले नाही तर मृत्यू. म्हणून लोकसंख्या फुगते, युद्ध होते, संस्कृती कोसळते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. एका दारामागे कोंडलेली ही जमात बाहेर पडली तर माणसे तिच्यापुढे टिकणार नाहीत, हे उघड झाल्यावर साम्राज्यापुढे प्रश्न येतो : हिला नष्ट करायचे, की त्या एकमेव दारावर कायमचा पहारा बसवायचा? शेवटी पहारा बसतो. हा नैतिक पेच इंजिनाच्या नियमातून जन्मला आहे. दारे दोन असती तर पहाऱ्याचा पर्याय उरला नसता. एकही नसते तर भेटच झाली नसती. साम्राज्याकडे पाहण्याची या लेखकांची दृष्टी मला पटत नाही, आणि स्त्रीपात्रे तर नावापुरती एकच आहे. पण एका काल्पनिक यंत्राच्या मर्यादेतून एवढी शोकात्म रचना उभी केलेली मी दुसरीकडे फारशी पाहिलेली नाही.

उर्सुला ले ग्विन यांनी त्याच वर्षी नेमकी उलटी किंमत ठरवली. त्यांच्या विश्वात माणसांनी प्रकाशाहून कमी वेगानेच जायचे. प्रकाशाला मागे टाकतो तो निरोप. त्या उपकरणाला त्यांनी 'अँसिबल' हे नाव १९६६ च्या 'रोकॅनन्स वर्ल्ड'मध्ये दिले होते. १९७४ च्या 'द डिस्पझेस्ड'मध्ये त्यांनी मागे जाऊन, ज्याच्या सिद्धांतामुळे ते उपकरण शक्य झाले त्या शेव्हेक नावाच्या शास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली. स्पर्धेचा प्रश्न इथे अगदी उघडा पडतो. श्रीमंत आ-इओ राज्य शेव्हेकला सन्मानाने बोलावते, प्राध्यापकी देते, उत्तम कपडे देते, आणि सिद्धांत आपल्या एकट्याच्या मालकीचा व्हावा म्हणून वाट पाहत बसते. शेवटी तो परग्रहावरच्या वकिलातीमार्फत आपली समीकरणे सगळ्यांना, एकाच वेळी, विनामूल्य देऊन टाकतो. अंतराळस्पर्धा जिंकण्याचा मार्ग त्याच्या हातात असतो, आणि तो स्पर्धाच मोडून टाकतो. कथाखेळातला एखादा गट असे करील का, हे मी मुलांना विचारले तेव्हा बराच वेळ कुणी बोलले नाही.

जो हाल्डमन यांच्या 'द फॉरएव्हर वॉर'मध्ये ही किंमत काळाच्या रूपाने भरावी लागते. उडी क्षणाची, पण उडीच्या जागेपर्यंत प्रकाशवेगाच्या जवळपास जावे लागते. त्यामुळे सैनिकाचे काही महिने जातात आणि पृथ्वीवर शतके उलटतात. व्हिएतनाममधून परतलेल्या लेखकाने हे लिहिले आहे हे माहीत असले की घर ओळखू न येण्याचा तो अनुभव निव्वळ कल्पित राहत नाही.

आणि याच १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची एक कथा पहिली आली. लेखक म्हणून नाव होते नारायण विनायक जगताप. ते जयंत विष्णु नारळीकर होते. आपल्या नावाचा प्रभाव परीक्षकांवर पडू नये म्हणून त्यांनी आद्याक्षरे उलटी करून हे नाव घेतले होते. प्रबळ गुरुत्वाकर्षणाजवळ काळ मंदावतो, या सापेक्षतावादी निष्कर्षावर ती कथा उभी आहे. प्रकाशाची मर्यादा ओलांडण्याच्या भानगडीत न पडता, तिच्यामागच्या शास्त्राने जी किंमत मुळातच लावून ठेवली आहे तीच त्यांनी कथेचे भांडवल केली. २०२५ च्या मे महिन्यात नारळीकर गेले तेव्हा त्यांच्यावर पुष्कळ लिहिले गेले, परंतु विज्ञानाचा नियम ही लेखकाची अडचण नसून सोय आहे, हे मराठीत त्यांनी पहिल्याच कथेत दाखवून दिले, याकडे मात्र फारसे लक्ष गेले नाही.

इथे ककुद्मी राजाची आठवण होणे अपरिहार्य आहे. रेवतीला योग्य वर कोण, हे विचारायला तो तिला घेऊन ब्रह्मलोकी गेला. तिथे गायन चालू होते म्हणून क्षणभर थांबला. आणि तेवढ्यात, भागवताच्या हिशेबाने, पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटली. मनात योजलेले वर, त्यांचे पुत्र, नातू, कुणीच उरले नव्हते. यावरून आइन्स्टाइन आपल्याकडे आधीच होता असे सांगणारी भाषणे आपण सगळ्यांनी ऐकली आहेत, ती इथे नकोत. मला वेगळीच गोष्ट दिसते. ले ग्विन यांच्या १९६४ मधल्या एका कथेत, जी पुढे 'रोकॅनन्स वर्ल्ड'चा प्रारंभ झाली, सेम्ली नावाची स्त्री घराण्याचा हार परत आणायला ताऱ्यांपलीकडे जाते. तिच्या लेखी एक रात्र जाते, आणि ती परतते तेव्हा नवरा केव्हाच मेलेला आणि मुलगी वाढून मोठी झालेली असते. दोन्ही कथांचे शास्त्र वेगळे, किंबहुना एकीत शास्त्र नाहीच. पण फार दूर जाऊन आलेल्या माणसाला काहीतरी गमवावेच लागते, ही जाण दोन्हीकडे आहे, आणि ऐकणाऱ्याला गोष्ट पटते ती त्या गमावण्यामुळे.

आता खेळाकडे वळू. १९७७ साली मार्क मिलर यांचा 'ट्रॅव्हलर' हा खेळ तीन लहान काळ्या पुस्तिकांच्या रूपात आला. चारपाच जणांनी टेबलाभोवती बसून, प्रत्येकाने एक पात्र घेऊन, बोलत बोलत एक गोष्ट रचायची, असा हा प्रकार. कादंबरीत लेखक स्वतःला आवरू शकतो. इथे पाच जण आहेत, आणि त्यांतला प्रत्येक जण जिंकू पाहतो आहे. म्हणून संयम लेखकाच्या स्वभावावर सोडता येत नाही, तो नियमात लिहावा लागतो. 'ट्रॅव्हलर'मध्ये एका उडीला साधारण एक आठवडा लागतो, मग अंतर कितीही असो. एका उडीत एक ते सहा पार्सेकपर्यंतच जाता येते (एक पार्सेक म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षे). उडीसाठी यानाचा मोठा भाग इंधनाने भरावा लागतो, म्हणजे तेवढा माल आणि तेवढी माणसे कमी. मोठ्या ग्रहाच्या फार जवळून उडी घेणे धोक्याचे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे यानाहून वेगाने जाणारा कोणताही निरोप नाही. बातमी यानातूनच जाते.

हे शेवटचे कलम मराठी वाचकाला फार समजावून सांगावे लागू नये. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर जे झाले ते नानासाहेब पेशव्यांना त्या दिवशी कळले नाही. ते भाऊसाहेबांच्या मदतीसाठी उत्तरेकडे निघालेले होते, आणि भेलशाच्या मुक्कामी त्यांच्या हाती पडले ते एक सावकारी सांकेतिक पत्र. मधल्या दिवसांत पेशव्यांच्या लेखी भाऊ जिवंत होते, फौज उभी होती, आणि मदत वेळेवर पोचणार होती. इतिहासातला तो करुण अवकाश घोड्याच्या वेगाने निर्माण केला आहे. बातमी जिथे उशिरा पोचते तिथे सुभेदाराला स्वतःच्या अकलेने वागावे लागते, विश्वास आणि विश्वासघात दोन्हींना जागा मिळते, एखादे पत्र वाटेत गहाळ होऊ शकते. मिलर यांनी अख्खी आकाशगंगा अशा सुभेदारांनी भरून टाकली, आणि तीही केवळ एक गोष्ट नाकारून.

शास्त्रज्ञांचे काय? गंमत अशी की त्यांनीही या प्रश्नाला हात घातला तो बऱ्याचदा शिक्षकांच्या नियतकालिकात. १९६२ साली 'अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स'मध्ये बिलानियुक, देशपांडे आणि सुदर्शन या तिघांचा निबंध आला. प्रकाशाहून कायमच वेगवान असणारे कण सापेक्षतावादाच्या चौकटीत कल्पिता येतात, असे त्यात मांडले होते. (दुसरे आडनाव वाचून मराठी वाचक क्षणभर थबकेल, तेवढे थबकणे क्षम्य मानावे.) या कणांना 'टॅकिऑन' हे नाव १९६७ मध्ये जेराल्ड फाइनबर्ग यांनी दिले. असा कण आजवर सापडलेला नाही. पुढे कार्ल सेगन 'कॉन्टॅक्ट' ही कादंबरी लिहीत होते. नायिकेला त्यांनी कृष्णविवरातून पाठवले होते. हस्तलिखित किप थॉर्न यांच्याकडे गेले, आणि त्यांनी कृष्णविवराऐवजी वर्महोल, म्हणजे अवकाशाच्या दोन दूरच्या ठिकाणांना जोडणारे भुयार, सुचवले. कादंबरी १९८५ साली आली. आणि त्या गणितातून मायकेल मॉरिस व थॉर्न यांचा १९८८ चा निबंध झाला, तोही त्याच शिक्षकांच्या नियतकालिकात, सापेक्षतावाद शिकवण्याचे एक साधन म्हणून. १९९४ साली मिगेल अल्कुबिएरे यांनी यानाभोवतीचे अवकाशच पुढे आकुंचित आणि मागे प्रसरण पावते असे गणित मांडले आणि त्याला नाव दिले विज्ञानकथेतलेच, वॉर्प ड्राइव्ह. भुयार उघडे ठेवायला आणि यानाभोवतीचे अवकाश वाकवायला, दोन्हींना ऋण ऊर्जा लागते. किती लागते याचा हिशेब १९९७ मध्ये फेनिंग आणि फोर्ड यांनी केला, तेव्हा अल्कुबिएरे यांच्या मूळ रचनेसाठी तो आकडा दृश्य विश्वातल्या सगळ्या वस्तुमानाच्याही पुढे गेला. किंमत पुन्हा आलीच.

याहून खोल अडचण कार्यकारणभावाची आहे. सापेक्षतावादानुसार प्रकाशाहून वेगवान निरोप पाठवता आला, तर कोणत्या तरी निरीक्षकाच्या दृष्टीने तो निघण्याआधी पोचलेला असतो. आणि दोन्ही बाजूंनी असे निरोप धाडता आले तर प्रश्न विचारण्यापूर्वीच उत्तर मिळू शकते. रिचर्ड टोलमन यांनी हे १९१७ मध्येच दाखवले होते. सापेक्षतावाद, कार्यकारणभाव आणि प्रकाशाहून वेगवान यान ही तिन्ही एका घरात नांदत नाहीत. एकट्याने लिहिणारा कादंबरीकार याकडे काणाडोळा करू शकतो. सामूहिक वहीत मात्र याचा अर्थ फार सरळ होतो : माझा देश भूतकाळात निरोप पाठवू शकत असेल, तर तुम्ही मागच्या फेरीत लिहिलेले पान मी पुसू शकतो.

हे मी मुलांना सांगितले तेव्हा त्यांना भौतिकशास्त्रापेक्षा वही जास्त चटकन कळली. त्यांनी चौथी फेरी रद्द केली नाही. तो गट ऐकणारच नव्हता. इंजिन राहिले, पण बाकीच्या तिघांनी मिळून त्याला कलमे जोडली. उडी फक्त सूर्यापासून खूप दूर, नेपच्यूनच्या कक्षेपलीकडून घ्यायची, म्हणजे तिथवर जायला वर्षे लागणार आणि सगळ्या देशांना दिसणार की कोण निघाले आहे. गेलेले यान स्वतः परत येईपर्यंत त्याची खबर लागणार नाही. आणि इंजिन ज्याचे आहे त्याच्याकडे ते एकच आहे. एका मुलीने विचारले की यान परत आलेच नाही तर दुसऱ्या देशांनी किती फेऱ्या वाट पाहायची. यावर एकमत झाले नाही. सहाव्या फेरीअखेर यान नेपच्यूनपलीकडे जाऊन अदृश्य झाले आहे, आणि त्या गटातल्या कुणालाही पुढे काय झाले ते सांगायची परवानगी नाही. तीन देशांनी आपापली याने त्याच्यामागे रवाना केली आहेत. ती पोचायला, वहीच्या हिशेबाने, अजून चौदा वर्षे आहेत.